काहीही त्रास नसताना गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी का?

प्रश्न : डिचोलीची गृहिणी

नमस्कार. माझे वय ४२ आहे. गेल्या आठवड्यात आरोग्य केंद्रातील परिचारिका घरी आल्या होत्या आणि तिशी ओलांडलेल्या सगळ्या बायकांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करून घ्यावी, असे सांगून गेल्या. मला पाळीचा किंवा अंगावरून जाण्याचा काहीही त्रास नाही, माहेरी वा सासरी हा आजार कुणाला झालेला नाही, आणि दुखत-खुपत नसताना आतली तपासणी कशाला, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. त्या स्वतः ६१ वर्षांच्या आहेत. पाळी केव्हाच गेली, तेव्हा आपला यात संबंध नाही, असे त्या मानतात. मोठ्या जाऊबाईंची पिशवी काढलेली आहे. त्यांनी यावे की नाही? शिवाय हा आजार ज्या विषाणूमुळे होतो, तो शरीरसंबंधातून येतो असे वाचले. तो अहवालात निघाला, तर घरात त्याचा काय अर्थ लावला जाईल, ही धास्ती वेगळीच.

उत्तर : निवृत्त परिचारिका, फोंडा

ताई, ही तपासणी त्रास नसलेल्या बाईसाठीच असते. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणे किंवा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणे, यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे लागते. तुमच्यासारखीला काही जाणवत नाही, याचे कारण असे की पेशींतला पहिला बदल आणि प्रत्यक्ष कर्करोग यांच्यामध्ये बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात आणि त्या काळात दुखत काहीच नाही. घरात कुणाला नाही, यावरही विसंबू नका. हा आजार मुख्यत्वे एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आनुवंशिकतेचा वाटा त्यात फार थोडा.

आरोग्य केंद्रात सहसा व्हीआयए करतात. उपकरणाने योनीमार्ग उघडून गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावायचे आणि एक मिनिट थांबायचे. बदललेल्या पेशींचा भाग पांढरट, ठळक कडेचा दिसू लागतो. सुई नाही, भूल नाही. किंचित चुरचुरते, आणि निकाल तिथेच कळतो. पाळी चालू असताना जाऊ नका आणि आधीचे दोन दिवस योनीमार्गात औषध वापरू नका.

सासूबाईंसाठी मात्र ही पद्धत फारशी उपयोगाची नाही, कारण पाळी गेल्यावर जिथे हे बदल सुरू होतात तो भाग मुखाच्या आत सरकतो आणि डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्यासाठी पॅप (मुखावरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची) किंवा एचपीव्ही (तो विषाणू शोधण्याची) चाचणी मागा. आपल्याकडच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणीचे वय ३० ते ६५ असे धरले आहे, म्हणजे त्या अजून त्यात बसतात. जाऊबाईंचे डिस्चार्ज कार्ड काढून बघा. पिशवीबरोबर मुखही काढले असेल, आणि शस्त्रक्रिया कर्करोगासाठी किंवा त्याआधीच्या बदलांसाठी झालेली नसेल, तर त्यांना याची गरज नाही. मुख ठेवले असेल तर गरज आहे.

उत्तर : पेडण्याहून

माझ्या तपासणीत पांढरा डाग दिसला होता. पुढे दुर्बिणीतून पाहण्यासाठी कोल्पोस्कोपीची तारीख मिळाली, तेव्हा घरून सल्ला आला की चवथ होऊ दे. चवथ झाली की दिवाळी असते आणि दिवाळीनंतर गावची जत्रा, हे ठाऊक असल्यामुळे मी थांबले नाही. बायोप्सीत कर्करोगाच्या आधीचा बदल निघाला, तेवढा भाग लीप करून, म्हणजे विजेने तापवलेल्या तारेच्या फासाने, काढला आणि त्याच संध्याकाळी मी घरी होते. कर्करोग नव्हता. पण निकाल हाती आल्यावर पुढे न जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि माझ्या मते तपासणी न करण्यापेक्षा ते अधिक वाईट.

उत्तर : स्त्रीरोगतज्ज्ञ, मडगाव

वरील माहिती योग्य आहे. परवडत असेल, तर तुमच्या वयाला एचपीव्ही डीएनए चाचणी सर्वांत भरवशाची. याचा सर्वांत ठोस पुरावा आपल्या शेजारच्याच राज्यात मिळाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३० हजार स्त्रियांचे गट पाडून तिन्ही चाचण्यांची तुलना केली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या पॅप किंवा व्हीआयएने तसा ठळक फरक पडला नाही. म्हणून व्हीआयए निरुपयोगी ठरत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ती दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ती पुन्हा पुन्हा करावी लागते, एवढाच अर्थ. एचपीव्ही चाचणी निर्दोष आली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या सूचनांप्रमाणे पाच ते दहा वर्षांनी पुन्हा केली तरी चालते. दरवर्षी पॅप करण्याचा आग्रह काही ठिकाणी धरतात. त्याची गरज नसते.

धास्तीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपसूक जातो. तो वर्षानुवर्षे सुप्तही राहू शकतो, त्यामुळे आज तो सापडला यावरून तो केव्हा आला आणि कुणाकडून आला, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. नवऱ्यावर वा बायकोवर संशय घ्यायला या अहवालात काहीही आधार नाही. सासूबाईंना हवे तर हे वाचून दाखवा.

डिचोलीची गृहिणी

सर्वांचे आभार. जाऊबाईंचे कार्ड सापडले, त्यावर गर्भाशय आणि मुख दोन्ही काढल्याचे लिहिले आहे. शस्त्रक्रिया गाठींसाठी होती. मी आणि सासूबाई सोमवारी जात आहोत. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला एचपीव्हीची लस दिली, तर पुढे ही तपासणी टळेल का?

स्त्रीरोगतज्ज्ञ, मडगाव

लस अवश्य द्या, ९ ते १४ हेच तिचे योग्य वय. तपासणी मात्र टळत नाही, कारण लस काही ठरावीक प्रकारच्या एचपीव्हीपासूनच संरक्षण देते. तिशीनंतर तिलाही यावे लागेल.