जुन्या ए.आर. स्पीकरमध्ये गाडीचा वूफर टाकला, तर ती दुरुस्ती कसली?

लातूरकर श्रोता
आपल्याकडे जुने स्पीकर दुरुस्त करून विकणारे वाढलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ए.आर.-३ए या जुन्या अमेरिकन स्पीकरची एक जोडी ‘पूर्ण रिस्टोअर’ म्हणून दाखवली गेली. जाळी काढली, तर आत गाडीत बसवतात तसला जाड रबरी कडेचा वूफर, म्हणजे खालचा बेस काढणारा मोठा स्पीकर. पेटी तेवढी ए.आर.ची. याला दुरुस्ती म्हणायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही कंपनी, म्हणजे अकूस्टिक रिसर्च, एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज गावी काढली. तोवर खोल बेस हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची. व्हिल्चरनं वूफरच्या कोनची, म्हणजे पुढंमागं हलणाऱ्या पडद्याची, कड मुद्दाम सैल ठेवली आणि पेटी हवाबंद केली. कोनला जागेवर परत आणायचं काम आतल्या हवेवर सोपवलं. याचं पेटंट त्याला १९५६ मध्ये मिळालं. म्हणजे इथं वूफर आणि पेटी वेगळ्या वस्तूच नाहीत. ताठ कडेचा वूफर बसवला की हवेचा ताण आणि कडेचा ताण मिळून अनुनाद, म्हणजे कोन ज्या सुरावर आपसूक डोलतो तो सूर, वर सरकतो, आणि ज्यासाठी हा स्पीकर घ्यायचा तो खालचा बेसच जातो.

परभणी साउंड दुरुस्ती
दादा, वाचायला बरं वाटतं, पण दुकानात आम्ही बसायलोत. गिऱ्हाईक येतं, म्हणतं आबांच्या काळचा आहे, वाजता करा. वूफरची कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, जळून काळी झालेली. हे स्पीकर चार ओहमचे, आवाजही कमी काढतात. लोक लहान अँप्लिफायर लावून बटण शेवटपर्यंत फिरवतात, मग काय होणार? मूळ वूफर इथं मिळत नाही. परदेशातून मागवला तर खर्च ऐकूनच माणूस पेटी उचलून भंगारात द्यायला निघतो. मी नवा वूफर टाकतो म्हणून त्या घरात आज भजन वाजायलंय. ते खोटं कसं?

लातूरकर श्रोता
जळालेल्या कॉइलचं मी समजू शकतो, भाऊ. पण आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक जोड्यांमध्ये कॉइल शाबूत असते, फक्त फोमची कड भुगा झालेली असते. फोम वयानंच विरतो, न वाजवताही. तिथं नवी फोम कड चिकटवली की काम झालं. सगळं मूळचंच ठेवा असा माझा हट्ट नाही. कंडेन्सर जुने झाले असतील तर खुशाल बदला. मागचे लेव्हल कंट्रोल गंजतात, ते साफ करा. शेवटी कोन बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन आला तर कुठंतरी गळती आहे, ती आधी शोधा.

नांदेडची श्रुती
काका, मी परभणीच्या भाऊंच्या बाजूनं. तुम्ही व्हिल्चरचं नाव घेता, पण त्याची कसोटी काय होती? त्याच्या कंपनीनं फाइन आर्ट्स क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचाला मंचावर बसवलं, मध्येच वादकांऐवजी ए.आर.-३ वाजवले, आणि बदल कुठं झाला हे श्रोत्यांना नीट ओळखता आलं नाही. तुलना जिवंत वादनाशी होती. मग नव्या वूफरनं तबल्याचा बायाँ खरा वाटत असेल, तर मूळ वूफर नाही म्हणून नाक का मुरडायचं? पुढं श्रवणयंत्रांवर केलेल्या कामाचं तर त्यानं पेटंटही घेतलं नाही, इतरांनी ते वापरावं म्हणून. असा माणूस तुमच्याइतका सोवळा नसता राहिला.

लातूरकर श्रोता
श्रुती, कसोटी अगदी बरोबर सांगितलीस, आणि मी तीच लावतोय. त्या जोडीवर मी पखवाज ऐकला. थाप ऐकू आली, घुमारा नाही. त्या पेटीला जुळेल असा सैल कडेचा वूफर कुणी हिशेब करून बसवला आणि बायाँ खरा वाजला, तर मी स्वतः ती जोडी घेईन. पण फक्त बारा इंच मावतो म्हणून बसवला, तर पेटी आणि कोन एकमेकांशी भांडत राहतात. तसं करून वर ‘ए.आर.’ म्हणून विकणं मला पटत नाही.

परभणी साउंड दुरुस्ती
विकण्याचं तुमचं मान्य. काय बदललं ते यापुढं बिलावर लिहून देत जाईन: वूफर नवा, ट्वीटर (वरच्या सुरांचा लहान स्पीकर) मूळ, असं. जळालेला वूफरही गिऱ्हाइकाला परत देईन, उद्या कुणाला कॉइल भरून घ्यायची असेल तर. पण वूफर जळालेल्या पेटीत नवा वूफर टाकणं मी बंद करणार नाही. आबांचा स्पीकर मुका ठेवा, हे मला कुणाच्या तोंडावर सांगता येणार नाही.

नांदेडची श्रुती
भाऊ, फोमची कड तुमच्याकडे बसवून मिळते का? आमच्या जोडीची कॉइल चांगली आहे, कड गेलीय.

परभणी साउंड दुरुस्ती
मिळते ताई. कोन मात्र बोटानं दाबून बघू नका आता, कड नसताना कॉइल घासते. वूफर काढून, कागदात गुंडाळून घेऊन या.