हावडा पूल वडिलांना नीट दाखवायचा आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्याचे. कापसाची पहिली वेचणी आटोपल्यावर वडिलांना वर्ध्याहून रेल्वेने कोलकात्याला नेण्याचे ठरवले आहे. त्यांनी आयुष्यभर लोहारकाम केले असल्यामुळे, नटबोल्टऐवजी रिव्हेट ठोकून जोडलेला, नदीपात्रात एकही खांब नसताना 450 मीटरहून अधिक लांबीचा मधला गाळा तोलून धरणारा आणि 1943 पासून वाहतुकीखाली असलेला हावडा पूल जवळून पाहावा, ही त्यांची फार जुनी इच्छा आहे.

वडिलांचे गुडघे दुखतात, म्हणून विचारतो. पुलाच्या पदपथावर पाटीवाल्यांची आणि प्रवाशांची मोठी वर्दळ असते. वयस्क माणसाला सावकाश, मध्येमध्ये थांबत चालता येईल अशी वेळ कोणती? पहाटे मलिक घाटाचा फुलबाजार पाहून परतावे, की हावडा स्थानकासमोरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने हुगळी ओलांडून पूल खालून पाहावा? मला बोटच बरी वाटते, कारण सांगाड्याची बांधणी नदीतून अधिक स्पष्ट दिसत असावी. परंतु बोटीत चढताना-उतरताना पायऱ्या किती आहेत, भरती-ओहोटीनुसार धक्क्याचा उतार किती तीव्र होतो, हे तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

पुलावर छायाचित्रणास मनाई असल्याचे वाचले आहे. मग घाटावरून छायाचित्र घेऊ देतात का? सामान स्थानकावरच्या क्लोक रूममध्ये ठेवण्याचा अनुभव असल्यास तोही अवश्य कळवावा.