घरच्या गॅरेजसाठी परवडणारी हत्यारं: तुमचा अनुभव लिहा

जळगावात घर बांधलं, खाली गाडी लावायला जागा निघाली. मोटारसायकल, जुनी कार आणि घरातली किरकोळ कामं तिथंच करायचा विचार आहे. बजेट बेताचं. ऑनलाइन दिसणारी शंभर-दीडशे नगांची चकचकीत पेटी घ्यावी की सुटी हत्यारं?

धुळे, ट्रकचं गॅरेज
पेटी नको भाऊ. त्यातले निम्मे नग स्क्रू ड्रायव्हरची टोकं असतात, आकडा फुगवायला. 8 ते 19 मिलिमीटरचे रिंग पाने (बंद गोल तोंडाचे) आणि फिक्स पाने (उघड्या तोंडाचे) सुटे घ्या. मी टपारियाचे वापरतो. नाशिकचा माल, खेड्यातल्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळतो. नट आधी रिंगनं सोडवायचा, मग फिक्सनं फिरवायचा. गोटी पाने (नटावर टोपीसारखे बसणारे) घेताना सहा कोनी मागा. बारा कोनी गोटी पटकन बसते, पण गंजलेल्या बोल्टचे कोपरे तीच खाते. पान्याला पाइप अडकवून लटकणारे रोज बघतो. पान्याची लांबी त्याला झेपेल तेवढ्या जोराच्या हिशेबानं ठेवलेली असते; पाइप लावला की फिक्स पान्याचं तोंड फाकतं. जाम नटावर तेल सोडा आणि चहा पिऊन या. आमचे उस्ताद फाकलेला पाना हातात आला की भिरकावून द्यायचे, "हाऊ पाना कामना नही भो!"

यावल, केळीवाला
जुना ट्रॅक्टर असेल तर आधी बोल्ट इंची आहेत का बघा. 7/16 इंच म्हणजे 11.1 मिलिमीटर. त्यावर 11 चा बरेचदा अडतो आणि 12 चा फिरून डोकं गोल करतो. इंची पाने थोडेच लागतात, पण त्यांना पर्याय नाही. दुसरं, पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला हात घालणार असाल तर 1000 व्होल्ट छापलेलीच पकड. मुठीवर नुसतं लाल प्लास्टिक असलं म्हणजे इन्सुलेशन झालं असं नाही. आणि तरीही लाइन बंद करूनच.

अमळनेर
मी स्वस्त पेटीच घेतली. सायकल, पंखा, दाराच्या बिजागऱ्या. मजेत चाललंय.

नंदुरबार, शिक्षक
जपानी घडणीच्या बाइकवरचे फुलीचे स्क्रू बरेचदा जेआयएस (जपानी मानक) प्रकारचे असतात. साधा फिलिप्स (नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर) त्यातून उसळून वर येतो आणि खाच खराब करतो. त्या मापाचा एक चांगला स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

भुसावळ, रेल्वेतला निवृत्त फिटर
पकड दुकानातच मिटून उजेडाकडे धरा. कापायच्या धारेतून प्रकाश दिसला तर परत ठेवा. स्क्रू पाना (तोंड लहान-मोठं करता येतं तो) वापरताना ओढीचा जोर न हलणाऱ्या जबड्यावर पडला पाहिजे. बहुतेक जण उलटा धरतात आणि कंपनीला शिव्या देतात. हातोडी, छिन्नी भंगार बाजारातली चालते, फक्त छिन्नीच्या डोक्यावर फुललेली कड घासून काढा, तिचा तुकडा डोळ्यात जातो. कानस मात्र नवीच.

धागाकर्ता
सुटंच घेतो मग. शिकंजा (काम घट्ट धरून ठेवायचा) जुना चालेल का?

भुसावळ, रेल्वेतला निवृत्त फिटर
चालेल. जबडे पूर्ण मिटून दोन्ही टोकांना कागद अडकतो का बघा, स्क्रूच्या आट्या तपासा, आणि बिडाला तडा असेल तर फुकटही घेऊ नका.