‘सापशिडी माउलींची, ढापली इंग्रजांनी’: हा फॉरवर्ड आता पुरे

खवट शेंगदाणा (धागाकर्ता)
कालपासून तिसऱ्या ग्रुपवर आलं. माउलींचं चित्र, वर ‘सापशिडीचे जनक’, खाली मजकूर: ‘निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव भिक्षेला जात, तेव्हा सोपान-मुक्ताईला रमवायला त्यांनी मोक्षपट केला. इंग्रजांनी तो ढापून सापशिडी म्हणून विकला. गर्व असेल तर पुढे पाठवा.’ गर्व आहे, पुढे पाठवणार नाही. म्हणून हे लांबण.

माउलींची समाधी 1296 ची. या खेळाचे आज हाती असलेले जुने पट अठराव्या शतकातले आणि त्यापुढचे. मधली चारशेहून जास्त वर्षं खेळ कुठे दडून बसला होता? बरं, पट तरी एकाच जातीचा आहे का? जैनांचा 84 घरांचा, वैष्णवांचा 72 घरांचा, सूफींचा 101 घरांचा. ज्ञानचौपड म्हणून तिकडे उत्तरेत खेळत, मोक्षपट म्हणून इकडे. ज्ञानेश्वरीत मोक्षपटाची एक ओवी दाखवा, धागा उडवून साष्टांग नमस्कार घालतो.

आणि ‘ढापला’ हेही अर्धवटच. 1892 मध्ये लंडनच्या एअर्स नावाच्या माणसाने सापशिडी आपल्या नावावर नोंदवली हे खरं. पण आपल्या जुन्या पटांवर साप ढीगभर आणि शिड्या मोजक्या. मोक्ष काय स्वस्तात मिळतो होय! घराघरात काम, क्रोध, मत्सर, वैकुंठ असं लिहिलेलं. साहेबाने पुढे साप-शिड्या सारख्या केल्या, पोरांना रडू यायला नको म्हणून. आज आपण मुलांना जी आणून देतो ती ही साहेबाचीच, 100 घरांची.

इंद्रायणीकाठ
खवट, नावाला जागलात. सगळ्याला कागद हवा का? माझी आजी जात्यावर ज्या ओव्या म्हणायची त्या कुठल्या दफ्तरात आहेत? कापडावर काढलेला पट दोन पावसाळ्यांत कुजतो. मराठीत लिहिलेले मोक्षपट सापडलेत ना? मग?

खवट शेंगदाणा
मराठीत लिहिलेला पट म्हणजे माउलींनी काढलेला पट? मग एसटीचं वेळापत्रकही त्यांचंच म्हणा.

इंद्रायणीकाठ
जीभ आवरा. अकरा वर्षं पायी वारी करतोय. तुमच्यासारखे दोन पीडीएफ वाचून आम्हाला अक्कल शिकवायला येतात. अठराव्या शतकातला पट सापडला म्हणजे खेळ अठराव्या शतकातला, हे कुठलं तर्कशास्त्र? तुमच्या आजोबांचा सर्वात जुना फोटो लग्नातला असेल, म्हणजे ते बोहल्यावरच जन्मले का?

पाटा वरवंटा
हा फोटोचा मुद्दा बरा होता, दोन्ही बाजूंनी लोण्यासारखा पसरतो.

बाकी तुमचं चालू द्या, माझी तक्रार वेगळीच आहे. सापशिडी हा खेळच नव्हे. फासा टाका, तो नेईल तिकडे जा, डोकं घरी ठेवा. खेळ म्हणजे चल्लस आठ. शहाबादी फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं, फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित, सोंगट्या म्हणजे फुटक्या बांगड्यांचे तुकडे. कवड्या नव्हत्या, तर चिंचोके ओल्या फरशीवर घासायचो, एका बाजूने पांढरे होईपर्यंत. बोटं सोलायची. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे तर आठ. आणि समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय, म्हणजे तोड झाल्याशिवाय, आतल्या घरांत प्रवेश नाही. यावर कोणी कधी फॉरवर्ड केलाय?

राजेहो
काऊन बा, तोड लागतेच असं कोणी सांगितलं? आमच्या आजोळी वर्ध्याला तोड-बिड काही नव्हती. अष्टाचंग म्हणो आम्ही. सरळ फिरून आत.

पाटा वरवंटा
तोड नसेल तर मग सापशिडीच की ती!

राजेहो
वा रे वा, म्हणजे आमची आजी चुकीचं खेळली साठ वर्षं?

चादरवाली सोलापूर
तोड पाहिजेच. आमच्या कन्नड शेजारणी यालाच चौकाबारा म्हणायच्या, त्यांच्यातही होती. पण खरं भांडण व्हायचं ते लागोपाठ तीनदा आठ पडल्यावर. आमच्यात तिन्ही दानं बाद. मावशीच्या घरी तिन्ही चालायची. एका दिवाळीत यावरून आई आणि मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत, करंजीचं सारण दोन वेगळ्या परातींत झालं. शेवटी कळलं की मावशीने एक चिंचोका जास्तच घासून हलका केला होता. तो अजून आमच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे, पुरावा म्हणून.

राजेहो
बाद कशाला? पडलं दान ते पडलं. बाद करणं म्हणजे रडीचा डाव, ताई.

चादरवाली सोलापूर
रडी कोणाला म्हणता? तुमच्यात तोडही नाही, बादही नाही. खेळता काय, प्रदक्षिणा घालता?

उंट तिरका
चिंचोके खाली ठेवा, मंडळी. देशी बुद्धिबळाला कोणी विचारत नाही, हे माझं दुःख. दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून तिरुवेंगडाचार्यांनी बुद्धिबळावर संस्कृतात ग्रंथ रचला, 1814 मध्ये मुंबईत त्याचं इंग्रजीही निघालं. आमच्या वडिलांचे नियम त्याच परंपरेतले: प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर, राजाला एकदा घोड्याची उडी. शाळेच्या स्पर्धेत मी अशी उडी मारली आणि सरांनी डावच रद्द केला. तेव्हापासून सराव सोडला. मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला आणि ब्रिटनचं विजेतेपद 1929, 1932, 1933 असं तीनदा जिंकला, हे सरांना कोण सांगणार?

राजेहो
त्यानं तिथं राजाची उडी मारली नसन, म्हणून जिंकला.

खवट शेंगदाणा
धागा माझा आहे, याची आठवण असू द्या. ज्याला खरंच जुनं काही मिरवायचं आहे त्याने सोमेश्वराचा मानसोल्लास मिरवावा. कल्याणीचा चालुक्य, बाराव्या शतकातला, फाशांचे, कवड्यांचे खेळ आणि बुद्धिबळ लिहून ठेवलंय. माउलींच्या जन्माआधीचा, आपल्याच दख्खनचा, आणि लेखी. पण राजाचं चित्र फॉरवर्डवर तितकं चालत नाही ना.

इंद्रायणीकाठ, फोटोचा मुद्दा मान्य. खेळ पटांपेक्षा जुना असू शकतो. किती जुना आणि कोणाचा, ते मात्र तुम्हालाही सांगता येत नाही.

इंद्रायणीकाठ
‘असू शकतो’ एवढं तोंडातून निघालं, पांडुरंगाची कृपा. माझंही ऐका: ‘जनक’ हा शब्द मीही लिहिला नसता. ‘परंपरेने माउलींचा’ लिहा, भांडण मिटलं.

खवट शेंगदाणा
आणि ‘ढापली’?

इंद्रायणीकाठ
ते राहू द्या. तेवढं राहू द्या.

पाटा वरवंटा
मिटलं? आमचं कुठे मिटलंय! सोलापूर, त्या देव्हाऱ्यातल्या चिंचोक्याचा फोटो टाका आधी. दोन्ही बाजूंचा.