माहितीपटातील पुनर्नाट्य : प्रेक्षकाला त्या क्षणीच सांगायला हवे का?

अनिमिष (मूळ मांडणी)

माहितीपटातील एखादे दृश्य किंवा आवाज नंतर घडवलेला, म्हणजेच पुनर्नाट्य असेल, तर ते प्रेक्षकाला कळलेच पाहिजे, आणि शेवटच्या श्रेयनामावलीत नव्हे, तर ती गोष्ट पडद्यावर असतानाच कळले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकी शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन यांच्यावरील ‘रोडरनर’ हा माहितीपट २०२१ मध्ये आला. बोर्डेन २०१८ मध्येच गेले होते. त्यांनी एका मित्राला पाठवलेल्या ई-मेलमधील वाक्ये या चित्रपटात त्यांच्याच आवाजात ऐकू येतात. प्रत्यक्षात तो आवाज त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून संगणकाने तयार केलेला होता. चित्रपट पाहताना याची कसलीही कल्पना येत नाही. दिग्दर्शक मॉर्गन नेव्हिल यांनी मुलाखतीत सांगितले, तेव्हा ते लोकांना समजले. शब्द तर त्यांचेच होते, हा बचाव मला पटत नाही. कुठे थांबायचे आणि कोणत्या शब्दावर आवाज उतरवायचा हे बोलणारा ठरवतो, आणि इथे तो माणूस हयातच नव्हता.

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. १९५८ च्या ‘व्हाइट विल्डरनेस’मध्ये लेमिंग हे उंदरासारखे प्राणी कड्यावरून समुद्रात झेपावताना दाखवले आहेत. ते चित्रण कॅनडातील अल्बर्टा प्रांतात झाले होते, ज्याला समुद्रकिनाराच नाही. प्राणी दुसऱ्या प्रांतातून विकत आणले होते आणि त्यांना नदीकाठच्या कड्यावरून ढकलण्यात आले होते. या चित्रपटाला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात, असे सांगणारी माणसे मला आजही भेटतात.

रीळवाला

लेमिंगचे उदाहरण क्रौर्याचे आणि फसवणुकीचे आहे, त्यावर वाद नाही. परंतु त्यावरून सर्व पुनर्नाट्याला संशयाच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे. एरल मॉरिस यांचा १९८८ चा ‘द थिन ब्लू लाइन’ आठवा. १९७६ मध्ये डॅलस येथे झालेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या खुनासाठी रँडल अ‍ॅडम्स यांना देहदंड सुनावला गेला, नंतर त्याची जन्मठेप झाली, आणि हा चित्रपट आल्यावर १९८९ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यात खुनाचा प्रसंग नटांकडून पुन्हा पुन्हा करून घेतला आहे, आणि प्रत्येक साक्षीबरोबर तो थोडा बदलतो. साक्षीदारांचे म्हणणे एकमेकांशी जुळत नाही, हे कागदावर वाचून जितके उमगले नसते तितके त्या बदलत्या दृश्यांतून उमगते. घडवलेले दृश्य नको म्हणून मॉरिस अडून बसले असते, तर तुरुंगातील त्या माणसाचे काय झाले असते?

शिवाय, माहितीपट कधी शुद्ध होता? कॅनडातील इनुइट लोकांवरील १९२२ च्या ‘नानुक ऑफ द नॉर्थ’मध्ये बर्फाच्या घराच्या, म्हणजे इग्लूच्या आत कॅमेरा आणि उजेड पुरेनात, म्हणून रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी अर्धाच इग्लू उभारून घेतला, ते कुटुंब उघड्यावर झोपेतून उठण्याचा अभिनय करत होते. नायकाचे खरे नाव अल्लाकारियाल्लाक होते आणि त्याच्या लोकांच्या हाती तोवर बंदुका आल्या होत्या, तरी चित्रपटात शिकार भाल्याने होते. माहितीपटाची परंपरा आपण ज्या चित्रपटापासून मोजतो, तोच हा.

अनिमिष

‘द थिन ब्लू लाइन’ माझ्याच बाजूचा पुरावा आहे. तीच घटना वेगवेगळ्या रूपांत समोर येते, तेव्हा हे प्रत्यक्ष चित्रण नाही हे कोणत्याही प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. ते दृश्यच स्वतःची ओळख सांगते. आणि त्या चित्रपटातील सर्वांत वजनदार पुरावा कोणता? अखेरीस अ‍ॅडम्स यांच्याविरुद्ध साक्ष देणारा डेव्हिड हॅरिस खुनाची जवळजवळ कबुलीच देतो, तेव्हा पडद्यावर फक्त एक टेपरेकॉर्डर दिसतो. त्या दिवशी कॅमेरा बिघडला होता आणि मॉरिस यांच्याकडे केवळ आवाज होता. त्यांनी तिथे हॅरिसच्या जागी नट बसवला नाही. त्या संथपणे फिरणाऱ्या टेपकडे पाहताना मला जो विश्वास वाटला, तो कोणत्याही नटाने मिळवून दिला नसता. ‘नानुक’बद्दल इतकेच म्हणेन की जुनी चूक जुनी आहे म्हणून ती प्रथा ठरत नाही.

कृष्णधवल

मला या चर्चेत रंगाचा मुद्दा आणायचा आहे. पीटर जॅक्सन यांनी २०१८ मध्ये ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’साठी पहिल्या महायुद्धाचे शंभर वर्षांपूर्वीचे चित्रण रंगवले, त्याची गती सारखी केली आणि सैनिकांच्या ओठांच्या हालचाली तज्ज्ञांकडून वाचून घेऊन त्यांच्या तोंडी नटांचे आवाज घातले. ते पाहून मी हेलावलो, हे मान्य करतो, आणि माझी तक्रार नेमकी तिथूनच सुरू होते. त्या गवताचा हिरवा रंग हा अंदाज आहे, त्या माणसाचा आवाज हा अंदाज आहे, पण माझ्या मनाने दोन्ही पुरावा म्हणून स्वीकारले. जुन्या चित्रणाचा काळा-पांढरा रंग आणि त्याची अडखळती चाल आपल्याला सतत बजावत असते की आपण फार दूरून पाहत आहोत. ती जाणीव पुसून मिळवलेली जवळीक मला उसनी वाटते.

रीळवाला

आपण त्या चित्रपटाची रचना विसरता आहात. तो काळ्या-पांढऱ्या चौकटीत सुरू होतो, सैनिक आघाडीवर पोचल्यावर रंग येतो आणि ते परतल्यावर रंग जातो. त्यामुळे रंग नंतर भरला आहे, हे प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडते. प्रत्यक्ष चढाईचे चित्रण उपलब्ध नव्हते, तिथे जॅक्सन यांनी नट पळवले नाहीत, त्या काळच्या नियतकालिकातील रेखाचित्रे वापरली. याउलट त्याच महायुद्धावरचा १९१६ चा ‘बॅटल ऑफ द सोम’ पाहा. सैनिक खंदकातून वर चढतात आणि त्यांतील काही जण तिथेच कोसळतात, ते गाजलेले दृश्य आघाडीपासून दूर, सरावाच्या जागी घडवून घेतलेले आहे. म्हणजे ज्या काळ्या-पांढऱ्या चित्रणावर आपला इतका विश्वास आहे, त्यातही नाट्य आहे, आणि ते मात्र कुणी रंगवून वेगळे दाखवलेले नाही.

संकलनमेज

मी माहितीपटांचे संकलन करते, म्हणून एक अनुभव सांगते. एका दिवंगत लेखकावरील चित्रपटात त्यांची पत्रे वाचली जात असताना आम्ही वृद्ध हातांचे चित्रण वापरले होते : टाक दौतीत बुडतो, टोक काठावर हलकेच टेकवले जाते, करंगळी कागदावर सरकत जाते. हात दुसऱ्या गृहस्थांचे होते. चित्रपट संपल्यावर लेखकांची मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “बाबांचे हे चित्रण तुम्हाला कुठे मिळाले? आमच्याकडे त्यांचे एकही हलते चित्र नाही. मला त्याची प्रत मिळेल का?” मी खरे ते सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले, “आणि पत्रे? ती तरी खरी आहेत ना?”

पत्रे अस्सल होती. तिच्याच काकूंनी आम्हाला दिली होती. परंतु एका न सांगितलेल्या दृश्याने शेजारच्या खऱ्या वस्तूवरचा विश्वासही ढळला, हे मी तेव्हा समोर पाहिले. पुनर्नाट्याला माझा विरोध नाही. हातांचा उपयोग करायला नको होता असेही मी म्हणत नाही, पण ते हात कुणाचे आहेत हे सांगण्याची वेळ चित्रपट चालू असतानाची होती, नंतरची नव्हती.

रीळवाला

हा अनुभव वाचून मला माझा आग्रह थोडा सैल करावा लागतो. तरीही ‘त्या क्षणीच’ या शब्दांशी माझे जुळत नाही. सारा पॉली यांनी २०१२ च्या ‘स्टोरीज वी टेल’मध्ये आपल्या कुटुंबाचे जुने घरगुती चित्रण आणि नटांना घेऊन तशाच धाटणीने केलेले नवे चित्रण एकमेकांत मिसळले आहे. बराच वेळ दोन्ही एकच वाटतात, आणि शेवटाकडे पॉली स्वतः नटांना सूचना देताना दिसतात. आठवण आणि कल्पना वेगळ्या करता येत नाहीत, हाच त्या चित्रपटाचा विषय असल्यामुळे प्रत्येक दृश्यावर पाटी लावली असती, तर सांगण्यासारखे काही उरलेच नसते.

अनिमिष

हा अपवाद मी मानतो, आणि ‘त्या क्षणीच’ऐवजी ‘चित्रपट संपण्यापूर्वी, चित्रपटाच्या आतच’ असे म्हणायला तयार आहे. पॉली यांनी पडदा स्वतःच्या हाताने बाजूला केला. ‘रोडरनर’मध्ये तो बाहेरच्या मुलाखतीने बाजूला झाला. आवाजाच्या बाबतीत मात्र मी माझा मूळ शब्द सोडणार नाही. पडद्यावरचा नट निदान दुसरा माणूस म्हणून ओळखू येऊ शकतो. मृत माणसाचा हुबेहूब आवाज ओळखण्याची कोणतीही खूण प्रेक्षकाच्या हाती नसते, म्हणून तिथे पाटी त्याच वाक्याखाली हवी.