अनुभव धागा : जवळच्या माणसाला बोलते करताना

रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांमध्ये आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांची नावे आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी बासन सोडतात, पाने उलटतात आणि पणजोबा कोणाच्या पिंडदानासाठी नाशिकला आले होते ते वाचून दाखवतात. मात्र ते आले कसे, बैलगाडी कोणाची होती, वाटेत मुक्काम कोठे पडला, या खर्चासाठी काढलेले कर्ज पुढे कसे फिटले, यातले काही वहीत नसते, आणि नसावे हेही बरोबर, कारण वहीचे काम वंशावळ राखण्याचे आहे. या धाग्याचा विषय वहीत न मावणारा तो भाग आहे.

अमेरिकेत २००३ साली ‘स्टोरीकॉर्प्स’ या उपक्रमाने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात ध्वनिमुद्रणाची एक छोटी खोली उभारली. एकमेकांना ओळखणाऱ्या दोघांनी आत बसून सुमारे ४० मिनिटे बोलायचे, एक प्रत घरी न्यायची, आणि त्यांची संमती असेल तर दुसरी प्रत लायब्ररी ऑफ काँग्रेस या तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या लोकजीवन केंद्रात जतन व्हायची, अशी ती पद्धत. प्रश्न विचारणारा कोणी परका वार्ताहर नसून मुलगी, नातू किंवा जुना सहकारी असतो, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते. बंद खोली मात्र आपल्याकडे मिळणे कठीण. आपल्याला कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी आणि मध्येच डोकावणारे शेजारी यांच्यासह बोलावे लागते.

आपण कोणाची जीवनकथा अशी ध्वनिमुद्रित केली असेल, तर काय विचारले, बोलणे कोठे मोकळे झाले, काय वगळले आणि त्या मुद्रणाचे पुढे काय केले, हे कृपया लिहावे. सांगणाऱ्याचे नाव देऊ नये. आठवणींवरचे ललित लेखन येथे अपेक्षित नाही. बोलते करण्याचा अनुभव हवा आहे.

नाशिकरोड, बँक कर्मचारी

माझे वडील येथील नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाले. छापखाना १९२८ पासूनचा आहे, आणि आमच्या भागात ‘प्रेसमध्ये आहे’ एवढे म्हटले की नोकरीविषयी अधिक काही सांगावे लागत नसे. आतल्या कामाविषयी घरी बोलायचे नाही ही वडिलांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्यामुळे ‘बाबा, तुमच्या नोकरीविषयी सांगा’ या माझ्या पहिल्या प्रश्नावर ‘नोकरी केली, पेन्शन मिळते’ एवढ्यावर त्यांनी मला बोळवले.

मग मी यंत्रे आणि कागद यांचा विषय सोडून दिला आणि घरातून निघाल्यापासून फाटकापर्यंतचेच विचारू लागले. सायकल कोठे लावायचात, डबा कोण बांधून द्यायचे, पाळी बदलली की झोपेचे काय व्हायचे, असे साधे प्रश्न. फाटकापर्यंत आल्यावर ते स्वतःहूनच आत शिरले. सुटताना झडती होत असे आणि त्यासाठी हात वर करून उभे राहण्याची अंगाला इतकी सवय झाली, की लग्नानंतर आईने धुवायला शर्ट मागितला तरी ते आधी खिसे उलटे करून दाखवत आणि मगच शर्ट देत. मी लहानपणापासून ते उलटे खिसे पाहिले होते आणि वडील टापटिपीचे आहेत असेच समजत आले होते. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडी मौज होती.

ध्वनिमुद्रण थांबवण्याचे बटण मी सुरुवातीलाच त्यांना दाखवून ठेवले होते. दोन-तीन ठिकाणी त्यांनी ते स्वतः दाबले, थोडा वेळ गप्प बसले, आणि पुन्हा सुरू केले तेव्हा विषय बदललेला होता. तेथे काय होते हे मी विचारले नाही. माझ्या मते ते बटण त्यांच्या हाती होते म्हणूनच बाकीचे मिळाले.

पंचवटी, गृहिणी

१९६९ च्या महापुराची गोष्ट पंचवटीत कोणालाही विचारा, ती ठरलेल्या क्रमानेच येते. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती कधी बुडाला, पाणी नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत कसे चढले, बोहरपट्टीकडची माणसे कशी हलवली, हे सारे सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले असो वा नसो, तोंडपाठ असते. आमच्या वाड्यातल्या काकूंनीही मला प्रथम तीच गोष्ट ऐकवली. मी ती मध्ये न तोडता पूर्ण ऐकून घेतली, कारण ती सांगून झाल्याशिवाय त्यांना स्वतःकडे वळताच आले नसते, असे मला वाटते.

ती संपल्यावर मी विचारले, ‘घरातून तुम्ही स्वतःच्या हाताने आधी काय उचललेत?’ सासूबाईंनी देव उचलले होते, दिरांनी धान्याची पोती माळ्यावर टाकली होती. काकूंनी उचलली होती लुगड्यांच्या तळाशी ठेवलेली एक पत्र्याची डबी. तिच्यात त्यांचे व्हर्नाक्युलर फायनलचे, म्हणजे सातवीच्या जुन्या परीक्षेचे, प्रमाणपत्र होते. सासरी त्या शिकलेल्या आहेत हे माहीत होते, पण हा कागद त्यांनी जपून ठेवला आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. पूर ओसरला, घरातला गाळ उपसून झाला आणि त्याच आठवड्यात ओलसर झालेला तो कागद त्यांनी चुलीच्या भिंतीला चिकटवून वाळवत ठेवला, तेव्हा सासूबाईंनी विचारले, ‘हे कशाला वाळवतेस?’ पुढच्या वर्षी बालवाडीत शिकवायला जाण्याची परवानगी मिळेपर्यंत घरात जे काही झाले, ते काकूंनी बराच वेळ, तारीखवार म्हणावे इतक्या बारकाईने सांगितले. दुतोंड्या मारुती त्यात पुन्हा एकदाही आला नाही.

त्यांच्या मुलाने हे मुद्रण ऐकले. आईच्या तोंडून पुराची गोष्ट त्याने असंख्य वेळा ऐकलेली होती, परंतु डबीविषयी त्याला काहीच ठाऊक नव्हते.

सातपूर, कारखान्यातील पर्यवेक्षक

माझी आई सिन्नर तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे, आणि पुढे वडिलांना येथील वसाहतीत काम मिळाल्यावर आम्ही सातपूरला आलो. तिचे बोलणे मुद्रित करताना अडचण आली ती वडिलांची. ते समोरच्या पलंगावर बसलेले असत, आई प्रत्येक वाक्यानंतर त्यांच्याकडे पाही, आणि ते साल दुरुस्त करत. सालाच्या बाबतीत ते बहुधा बरोबर असतील. पण तिची गोष्ट हळूहळू त्यांची होऊ लागली.

शेवटी ती गच्चीवर कुरडया घालायला गेली तेव्हा मी फोन घेऊन वर गेलो. हात कामात असले की ती समोर पाहत नाही आणि मग बोलते. तांबडी मिलो ज्वारी, कामावर खायला मिळणारी सुकडी, मुकादमाची हजेरी हे सगळे ओघात आले, पण मला नवीन होते ते असे की त्या कामावर तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातात पैसे मिळाले होते. ‘वाईट दिवस व्हते रं, पर पैका माह्या हातात यायचा,’ असे ती म्हणाली आणि लगेच, ‘हे खाली नको सांगू,’ असेही म्हणाली. तिच्या परवानगीने येथे लिहीत आहे. लिहून काढताना तिची भाषा मी पुस्तकी केलेली नाही.

सुरगाणा (मूळचा नाशिकचा), शिक्षक

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा जो पायी मोर्चा गेला, त्यात आमच्या तालुक्यातली माणसे मोठ्या संख्येने होती. ६ तारखेला निघालेला मोर्चा १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला आणि सोललेल्या तळपायांची छायाचित्रे देशभर छापली गेली. त्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याशी माझा शाळेमुळे परिचय होता. त्यांच्याकडे मी मोर्चाविषयी विचारायलाच गेलो होतो, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी मला ऐकवले, ‘पायाचे फोटो लय काढले गुरुजी, पर हे पाय त्याच्या आधी कुठं कुठं गेले ते कोणी नाही विचारलं.’

ते गेले होते दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांमध्ये, तरुणपणापासून दर हंगामाला. ऑक्टोबरची छाटणी, नंतर विरळणी, आणि मणी फुगावेत म्हणून जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात एकेक घड बुडवण्याचे काम. बुडवताना हात कसा धरायचा हे त्यांनी मला रिकामा तांब्या घेऊन दाखवले: घड आत घालून लगेच बाहेर काढायचा आणि हलकेच झटकायचा, म्हणजे टोकाशी थेंब साचून राहत नाही. दिवसभर मान वर आणि हात वर. एरवी एकटे बोलायला न धजणारे हे गृहस्थ कामाचे वर्णन सुरू झाल्यावर तासभर थांबले नाहीत. बायको ओट्यावरून मध्ये मध्ये भर घालत होती, आणि ती भर त्यांनाही हवीच होती. वरच्या अनुभवात दुसऱ्या माणसाची अडचण झाली असे लिहिले आहे. माझ्याकडे दोघे मिळून एकच आयुष्य सांगत होते. सरसकट नियम करता येईल असे मला वाटत नाही.

एका टोळीच्या मुकादमाने मजुरी बुडवल्याचा प्रसंग त्यांनी सांगितला आणि नंतर तो काढून टाकायला लावला. मुले अजून त्याच बाजूला कामाला जातात, हे कारण होते. मी तो भाग त्यांच्यासमोरच पुसला आणि उरलेले त्यांना पुन्हा ऐकवले. घरी जाऊन गुपचूप पुसण्यापेक्षा हे बरे. निदान सांगणाऱ्याला खात्री पटते.

गंगापूर रोड, निवृत्त अभियंता

मी माझ्या मावशीला विचारले. ‘माझं माझ्याबरोबर जाऊ दे,’ असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी पोहे पुढे केले. मी पुन्हा विचारले नाही. गोष्ट मिळवण्याच्या उत्साहात या धाग्यावर नकाराची नोंद राहून जाऊ नये, म्हणून लिहीत आहे.

देवळाली गाव, वकील

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील हा लढा दादासाहेब गायकवाड यांनी नाशिकमध्ये वर्षानुवर्षे चालवला. त्यात प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या माणसांशी बोलण्याची वेळ आता गेली. परंतु त्यांची मुले आहेत. माझ्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांच्या आई तरुणपणी सत्याग्रहात होत्या, आणि मी मुद्रित केली ती मुलाने सांगितलेली आईची गोष्ट.

वकिलीच्या सवयीमुळे असेल, मी सुरुवातीपासून दोन रकाने वेगळे ठेवले: ‘आई सांगायची’ आणि ‘मी पाहिले’. गृहस्थांना आधी हे जाचक वाटले, नंतर त्यांनाच त्याची गोडी लागली. रामनवमीच्या रथाच्या दिवशी झालेली दगडफेक पहिल्या रकान्यात गेली. दरवर्षी रामनवमीला आई सकाळीच घर सारवून, जेवण उरकून, दिवसभर उंबऱ्यात बसून असे, हे दुसऱ्या रकान्यात. आई बोलताना पदर कसा खोचायची हे ते उठून करून दाखवत आणि त्यांचा आवाजही बदले. मुद्रणात तो बदल स्पष्ट ऐकू येतो.

एके ठिकाणी विसंगती आली. आधी ते म्हणाले की आई मंदिराच्या दरवाजासमोर बसलेल्या बायकांत होती. दुसऱ्या बैठकीत म्हणाले की कडेवर मूल असल्यामुळे ती सत्याग्रहींच्या स्वयंपाकाकडे होती. मी दोन्ही वाक्ये त्यांना ऐकवली. ‘आई दोन्ही सांगायची,’ असे उत्तर मिळाले. सत्याग्रह लांबला होता, तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या दिवशी खरे असू शकते. न्यायालयात मी यातले एक निवडायला लावले असते. येथे दोन्ही ठेवली आहेत.

कॉलेज रोड, निवृत्त ग्रंथालय सेवक

तांत्रिक बाबींविषयी थोडे. फोन टेबलावर उघडा ठेवू नये, खाली घडी केलेला पंचा ठेवावा, नाहीतर कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात शिरतो. पंखा बंद करावा. आरंभी तारीख, ठिकाण आणि परस्परांचे नाते मोठ्याने म्हणावे, कारण फाइलचे नाव पुढे कोणीतरी बदलतेच. लिहून काढण्याचे काम ताबडतोब सुरू करावे. अर्ध्या तासाच्या बोलण्याला अख्खी दुपार लागते, आणि महिनाभर राहिले तर अस्पष्ट शब्द काय होता हे आपल्यालाही आठवत नाही. प्रती दोन ठिकाणी असाव्यात.

यापेक्षा अवघड प्रश्न नंतरचा आहे. मी मुद्रित केलेल्या एका शेजारीणबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. वार्षिक श्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेत त्यांची कहाणी छापावी असे मुलाला वाटते. माहेरच्या वाटणीचा त्यातला भाग बाहेर जाऊ नये असे मुलीला वाटते. मुद्रणाच्या शेवटी बाईंनी ‘हे माझ्या लेकीला दे’ असे म्हटले आहे, तेव्हा मी फाइल आणि लिहिलेली वही मुलीकडे सोपवली आणि मुलाला बहिणीकडेच मागायला सांगितले. अशी संमती लेखी घेताना मृत्यूनंतरच्या हक्काचा मजकूर कोणी घातला असेल, तर त्यांनी तो मजकूर येथे द्यावा. मला पुढच्या बैठकीसाठी हवा आहे.