शब्दचर्चा : ब्रिसेईस ही 'दासी' की 'बटीक'?

प्रश्न : ट्रॉयच्या युद्धाची कथा होमरच्या 'इलियड' महाकाव्यातील ब्रिसेईस या युद्धात पकडलेल्या स्त्रीच्या तोंडून मराठीत सांगायची झाल्यास तिच्यासाठी 'दासी' हा शब्द चालेल, की 'बंदिनी' अधिक योग्य ठरेल?

उत्तर १ : मला दोन्ही शब्द तोकडे वाटतात. 'दासी जनी' म्हणणाऱ्या जनाबाईंमुळे 'दासी'ला मराठीत भक्तीचा गंध आहे, आणि पौराणिक नाटकांनी तिला चवरी ढाळणारी सेविका करून ठेवले आहे. 'बंदिनी'ला निदान सुटकेची आशा असते. ब्रिसेईसचा नवरा ग्रीक योद्धा अकिलीसने मारला, तिचे तीन सख्खे भाऊही त्याच लढाईत गेले आणि लुटीच्या वाटणीत ती अकिलीसकडे आली. होमर यासाठी 'गेरास' हा शब्द योजतो. आपला 'मानाचा वाटा' त्याला नेमका बसतो, कारण ग्रीकांचा सेनापती अगमेम्नॉन तिला घेऊन जातो तेव्हा अकिलीस बिथरतो तो आधी मान गेला म्हणून. इलियडच्या ९व्या सर्गात तो तिला पत्नी म्हणतो खरा, पण त्याच दमात 'भाल्याने मिळवलेली' असेही म्हणतो. तिच्या स्वतःच्या तोंडी मात्र 'बटीक', म्हणजे गुलाम बाई, हाच शब्द हवा.

उत्तर २ : 'बटीक' आज शिवीसारखा ऐकू येतो. जुन्या कागदपत्रांत गुलाम स्त्रीसाठी येणारा 'कुणबीण' अर्थाने जवळचा आहे, परंतु आजचा वाचक त्याचा अर्थ कुणब्याची बायको असाच घेईल.

उत्तर १ : 'कुणबीण'बद्दल सहमत आहे. 'बटीक' मात्र कानाला टोचतो म्हणूनच मला हवा आहे. २३व्या सर्गात कुस्तीची बक्षिसे मांडली जातात, तेव्हा जिंकणाऱ्यास १२ बैलांच्या मोलाची तिवई आणि हरणाऱ्यास ४ बैलांच्या मोलाची, हातकामात तरबेज असलेली एक बाई ठेवलेली असते. तिथे 'दासी' लिहिले की हा बाजारभाव झाकला जातो. तरीही सरसकट एकच शब्द वापरू नये. १९व्या सर्गात अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर विलाप करताना ब्रिसेईस सांगते, की त्याने तिला अकिलीसची लग्नाची बायको करण्याचे वचन दिले होते, आणि भोवतालच्या बाया त्याचे निमित्त करून आपापल्या दुःखासाठी रडतात. तोपर्यंत योद्ध्यांच्या तोंडी 'मानाचा वाटा' येऊ द्यावा, आणि 'बटीक' हा शब्द प्रथम या विलापात, 'लग्नाची बायको'ला लागूनच, तिने उच्चारावा.